बरखास्त नव्हे, सत्रसमाप्ती!

स.न.वि.वि.

ब्रिटनवरच्या कालच्या लेखात ‘२०१९ साली राणीने संसद बरखास्त केली’ असे छापून आले आहे. तेही तीनदा, म्हणजे मुद्राराक्षसावर ढकलायची सोय नाही. अहो, बरखास्त केली असती तर निवडणूक लागली असती, मग भांडण उरले कशाचे? तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून २८ ऑगस्टला राणीने मंजूर केली ती सत्रसमाप्ती. खासदार खासदारच राहिले, फक्त पाच आठवडे तोंड उघडायचे नाही. ब्रेक्झिटची, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याची, ३१ ऑक्टोबरची मुदत डोक्यावर आणि सभागृहाला कुलूप!

त्यावर आपले विद्वान लेखक म्हणतात, तहकूब म्हणा की आणखी काही, फरक शब्दांचा. हे वाचले आणि आमचे नागरिकशास्त्राचे गुरुजी डोळ्यांपुढे उभे राहिले. वार्षिक परीक्षेत ‘फरक स्पष्ट करा : तहकुबी व सत्रसमाप्ती’ असा चार गुणांचा प्रश्न होता. (पेपर त्यांनी काढलेला नसावा.) तहकुबी म्हणजे चालू सत्रातले कामकाज पुढे ढकलणे, ती अध्यक्षांच्या हाती; सत्रसमाप्ती म्हणजे सत्रच संपवणे, ती राष्ट्रपतींच्या, असे मी रकाने पाडून लिहिले. गुरुजींनी दोन्ही रकान्यांवरून लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले, ‘अर्थ एकच’. पाठ्यपुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरले, तर म्हणाले, “तुला पास व्हायचंय की वकील व्हायचंय?” चारपैकी शून्य. पहिला नंबर तीन गुणांनी हुकला. हे मी अजून विसरलेलो नाही, हे कबूल करतो.

शब्दांचाच फरक असता, तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी २४ सप्टेंबरला एकमताने ती सत्रसमाप्ती बेकायदा ठरवली नसती. तहकुबीत समित्यांचे काम चालू राहू शकते. सत्रसमाप्तीत तिथे तेही बंद. घरगुती हिंसाचारावरचे विधेयक त्या फेऱ्यात गारद झाले होते, ते निकालामुळे वाचले. आपल्याकडे राज्यघटनेचे कलम १०७ असल्याने सत्रसमाप्तीने विधेयक मरत नाही, एवढे तरी लेखात यायला हवे होते. पण त्या जागेत लेखकमहाशयांचा फोटो होता.

जाता जाता आणखी एक. गेल्या महिन्यात माझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद आपण कापलात. मुद्दा नेमका त्यातच होता. उरलेला भाग पुढे येणार असेल तर मी ती तहकुबी समजतो, नसेल तर तसे कळवावे.

– एक जुना वाचक