रुग्णवाहिकेतील खांद्याचा पट्टा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रुग्णवाहिका वेळेवर आली की नाही, याची चर्चा आपल्या वृत्तपत्रांतून वरचेवर होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु रुग्ण आत गेला आणि मागचे दार बंद झाले, की पुढच्या प्रवासात तो स्ट्रेचरवर कसा धरून ठेवला आहे, याविषयी सहसा कोणी बोलत नाही. परिचारिका म्हणून मी अनेक वर्षे एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवल्या जाणाऱ्या रुग्णांसोबत प्रवास केला आहे, आणि त्या अनुभवावरून एका पट्ट्याबद्दल, म्हणजे खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याबद्दल, हे पत्र लिहीत आहे.

एकदा खुब्याचे हाड मोडलेल्या एका आजींना आम्ही हलवत होतो. छातीवरचा आणि मांड्यांवरचा असे दोन आडवे पट्टे लावलेले होते. खांद्याचे दोन्ही पट्टे मात्र गादीखाली दुमडून ठेवलेले होते, कारण ते तसेच ठेवण्याची सवय सर्वांना लागली होती आणि त्या सर्वांत मीही होते. वाटेत एक दुचाकी अचानक आडवी आली आणि चालकाने जोरात ब्रेक दाबला. धडक झाली नाही, वाहनाला ओरखडाही उठला नाही. पण आजींचे डोके स्ट्रेचरच्या लोखंडी कडेवर आपटले आणि मोडलेल्या पायाला असा हिसका बसला, की त्यांची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. मी पाहिले तेव्हा दोन्ही बक्कले जशीच्या तशी लागलेली होती. आजी मात्र त्या पट्ट्यांतून वीतभर वर सरकल्या होत्या आणि छातीचा पट्टा पोटावर आला होता.

असे का झाले, हे समजायला फार शास्त्र लागत नाही. रुग्णाला बहुधा डोके चालकाच्या दिशेने ठेवून झोपवतात. ब्रेक लागला की वाहन थांबते, अंग मात्र पुढेच जात राहते, आणि झोपलेल्या माणसाच्या बाबतीत पुढे म्हणजे डोक्याच्या दिशेने. आडवे पट्टे त्याला वर उसळू देत नाहीत किंवा कुशीवरून खाली पडू देत नाहीत, परंतु डोक्याच्या दिशेने घसरणारे शरीर ते अडवू शकत नाहीत. म्यानातून तलवार निघावी तसा माणूस त्यांतून निघून येतो. ही घसरण रोखण्याचे काम दोन्ही खांद्यांवरून येऊन छातीच्या पट्ट्याला जोडल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे असते. छाती, कंबर आणि पायांच्या पट्ट्यांना हे दोन पट्टे मिळाले, म्हणजेच त्याला हार्नेस म्हणता येते.

आता वेगाचा हिशेब पाहावा. ताशी ५० किलोमीटरने जाणारे वाहन आदळून थांबले, तर आतल्या मोकळ्या माणसाला बसणारा तडाखा साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. म्हणूनच युरोपातील ईएन १७८९ हे रुग्णवाहिकांचे मानक रुग्ण, स्ट्रेचर आणि उपकरणे यांना गुरुत्वाकर्षणाच्या १० पट जोर सहन करता आला पाहिजे, असे सांगते; ७० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत हा जोर ७०० किलो वजनाइतका होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने रुग्णवाहिकांच्या गंभीर अपघातांचा तपास केला, तेव्हा ४४ टक्के रुग्ण स्ट्रेचरवरून फेकले गेल्याचे आढळले आणि खांदा व कंबर असे दोन्ही पट्टे लावलेले रुग्ण फक्त ३३ टक्के होते. ज्या देशात मानके आहेत, प्रशिक्षण आहे, तेथील ही स्थिती आहे. पट्टा स्ट्रेचरला असणे आणि तो रुग्णाच्या अंगावर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तो अंगावर का येत नाही, याची कारणे मी सहकाऱ्यांकडून ऐकली आहेत आणि त्यांतली काही स्वतःही दिली आहेत. घाई असते, हे पहिले कारण. पण सरावाच्या हाताला खांद्याचे दोन पट्टे लावायला अर्धा मिनिट पुरतो. पट्ट्यांना रक्त, उलटी लागलेली असते, बक्कल अडकते, म्हणून ते गुंडाळून बाजूला टाकले जातात, हे दुसरे; आणि यात दोष कर्मचाऱ्याचा कमी, धुतलेले जादा पट्टे न पुरवणाऱ्या व्यवस्थेचा जास्त आहे. तिसरे कारण नाजूक आहे. ‘बांधणे’ हा शब्दच आपल्याला खुपतो. नातेवाईक विचारतात, “अहो, त्यांना असे बांधून का नेता?” हा प्रश्न मायेतून आलेला असतो, तेव्हा त्याला त्रासिक उत्तर देऊ नये. मी सांगत असे, “दादा, गाडीत आपण पट्टा लावतो ना, तोच हा. बाबा झोपलेले आहेत, म्हणून दोन जास्त लागतात.” आणि रुग्णाला तो कितीही ग्लानीत असला तरी हात लावण्यापूर्वी सांगावे, “आजी, खांद्यावरून पट्टा घेते हं, टोचला तर सांगा.” भ्रमात असलेल्या किंवा हातपाय झाडणाऱ्या रुग्णाचे हात बांधणे हा पूर्णपणे वेगळा विषय आहे, त्याला वैद्यकीय निर्णय आणि सतत देखरेख लागते, प्रवासाच्या पट्ट्यांशी त्याची गल्लत होऊ नये.

श्वास कोंडेल, ही भीती मात्र खरी आहे आणि तिची दखल घेऊनच पट्टा लावला पाहिजे. दम लागलेल्या रुग्णाला सपाट झोपवून छाती आवळणे घातकच ठरेल. त्याला स्ट्रेचरची पाठ उचलून बसते करावे, आणि खांद्याचे पट्टे त्या स्थितीतही लावता येतात. उलट ब्रेक लागला की उचललेली पाठ अंगाला आधारच देते. छातीचा पट्टा काखेच्या पातळीवर असावा, श्वास आत घेतल्यावर त्याने दाब देऊ नये, पण लोंबकळूही नये. गरोदर स्त्रीचा कंबरपट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, खुब्याच्या हाडांवरून घ्यावा. पांघरूण पट्ट्यांच्या वरून घालावे. खाली घातले की पट्टा घट्ट वाटतो आणि प्रत्यक्षात सैल राहतो. हृदय बंद पडल्याने छातीदाब देण्याची, म्हणजे हातांनी छाती पुन्हा पुन्हा दाबण्याची, वेळ आली तर छातीवरचे पट्टे सोडावेच लागतात, पण कंबर आणि पायांचे तेव्हाही राहू शकतात.

लहान मुलांबाबत तर मला फारच काळजी वाटते. आजारी बाळ आईच्या कुशीत शांत राहते, म्हणून दोघांना एकत्र स्ट्रेचरवर झोपवून एकच पट्टा लावलेला मी पाहिला आहे. पाच किलोचे बाळ वर सांगितलेल्या जोराखाली ५० किलोचे होते. कोणत्याही आईच्या हातांना ते पेलणार नाही, आणि एकाच पट्ट्यात आईच्या अंगाखाली ते चिरडले जाऊ शकते. बाळाच्या मापाचे, स्ट्रेचरला किंवा आसनाला घट्ट बसवता येणारे स्वतंत्र हार्नेस प्रत्येक वाहनात असलेच पाहिजे.

स्ट्रेचर स्वतः वाहनाच्या तळाला नीट अडकलेले नसेल तर रुग्णाचे सारे पट्टे व्यर्थ जातात, हे सांगायला नकोच. ऑक्सिजनचा सिलिंडर, मॉनिटर, सोबत बसलेला नातेवाईक आणि कर्मचारी यांनाही हाच नियम लागू आहे.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. प्रत्येक फेरीच्या नोंदीच्या कागदावर रक्तदाब आणि नाडीच्या रकान्यांशेजारीच खांदे, छाती, कंबर, पाय असे चार रकाने छापावेत, ते निघण्यापूर्वी भरावेत आणि सोबतच्या कर्मचाऱ्याने “पट्टे लागले” असे मोठ्याने सांगितल्याशिवाय चालकाने गाडी हलवू नये. पट्ट्यांचा एक जादा संच वाहनात असावा. तीव्र ब्लीचने धुतल्यास पट्ट्याचे विणकाम कमकुवत होते, म्हणून धुण्याची पद्धत उत्पादकाच्या सूचनेप्रमाणेच असावी. कडा उसवलेला किंवा अपघातात ताण बसलेला पट्टा पुन्हा वापरात येऊ नये. आणि आपल्या वाचकांपैकी ज्यांच्यावर आपल्या माणसाला रुग्णवाहिकेतून नेण्याची वेळ येईल, त्यांनी दार बंद होण्यापूर्वी गादीच्या वरच्या टोकाखाली हात घालून पाहावा. खांद्याचे पट्टे बहुधा तेथेच दुमडलेले असतात.

आपली विश्वासू,
एक परिचारिका