लाल रेषेबद्दल

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेलं, अहवालातलं जमिनीखालच्या थरांचं कंपलहरींनी काढलेलं चित्र पाहिलं. काळ्या-पांढऱ्या रेघांचा तो पसारा आणि त्यातून तिरका उतरलेला लाल भ्रंश, म्हणजे ज्या तड्यालगत खडक सरकतात तो. 'हा खरंच तिथे आहे का?' असं विचारतोस. रेघा यंत्रांनी टिपल्या आहेत. लाल रेषा मात्र माणसाने ओढली आहे.

जड ट्रक जमिनीला कंप देतात, ते कंप खडकांच्या थरांवर आपटून परत येतात आणि ओळीने मांडलेले जिओफोन, म्हणजे जमिनीचे कंप टिपणारी उपकरणं, त्यांची नोंद घेतात. उभ्या अक्षावर बघ, किलोमीटर नाहीत, सेकंद आहेत. लहरीला जाऊन परत यायला लागलेला तो वेळ. त्यावरून खोली काढायची तर खडकातला लहरींचा वेग ठाऊक हवा. तो चुकला की भ्रंशाचा उतारही चुकतो. शिवाय भ्रंश स्वतः क्वचितच दिसतो. सलग चाललेला थर तुटून पलीकडे वर-खाली पुन्हा सुरू झाला, की तो तिथे आहे असं म्हणायचं. म्हणून जमीन नुसती आडवी सरकवणारा उभा भ्रंश इथे सहज निसटतो.

तरी मी या चित्रांच्या बाजूचा आहे. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. सगळ्यांचं लक्ष सॅन अँड्रियास या कॅलिफोर्नियातल्या प्रसिद्ध भ्रंशाकडे, आणि हलला तो पृष्ठभागापर्यंत न पोहोचलेला भ्रंश! जमिनीवर भेगच नाही, तर नकाशावर रेषा येणार कुठून? पुढे १९९९ साली जॉन शॉ आणि पीटर शिअरर या भूशास्त्रज्ञांनी त्याच शहराखालचा प्वेन्ते हिल्स भ्रंश दाखवून दिला, तोही तेल उद्योगाने स्वतःच्या कामासाठी केलेल्या सर्वेक्षणांतून. (तेल शोधणाऱ्यांचे एवढे उपकार मानायला हरकत नाही.) १९८७चा व्हिटियर नॅरोज भूकंप त्याच भ्रंशावरचा होता.

भ्रंश केवढा आहे हे कळलं की भूकंप किती मोठा होऊ शकेल याचा अंदाज बांधता येतो. मागचा कधी झाला, ते मात्र चित्रात नसतं. त्यासाठी प्वेन्ते हिल्सवरच्या कोवळ्या, वाकलेल्या गाळात भोकं पाडून थरांची वयं काढली. गेल्या ११,००० वर्षांत किमान चार मोठे भूकंप निघाले, ७.२ ते ७.५ तीव्रतेचे.

तेव्हा अहवालवाल्यांकडून लाल रेषेविना मूळ चित्र मागून घे. लहरींचा वेग कुठून घेतला, जवळ एखादी विहीर खणून पडताळला का, आणि वरच्या गाळाची वयं काढली का, तेही विचार. उत्तरं आली की कळव.

तुझा,
अनिल