पारदर्शक तयार खोली घेताना पावसाचा विचार हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव-खानापूर परिसरात गच्चीवर किंवा परसात ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि पॉलिकार्बोनेटचे (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचे) पत्रे जोडून उभारायची तयार ‘सनरूम’, म्हणजे ऊन घेत बसायची खोली, घेऊ पाहणाऱ्यांनी किमतीआधी छपराची चौकशी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. थंड देशांत ऊब साठवणारी ही रचना आपल्याकडे हिवाळ्यातील सकाळी सुखद वाटेल. परंतु एप्रिलमध्ये पश्चिमेचे ऊन आत शिरले आणि गरम हवेला वरून वाट नसली, तर दुपारी तेथे बसवणार नाही. पॉलिकार्बोनेटचा ३ मीटरचा पत्रा तापमानातील ३० अंशांच्या फरकाने सुमारे ६ मिलिमीटर लांबतो. स्क्रूची छिद्रे घट्ट ठेवली तर तेथे तडे जाऊ शकतात आणि जून-जुलैचा वाऱ्यासह येणारा पाऊस नेमका तिथूनच आत येतो. जुन्या कौलारू घराला हे छप्पर जोडताना सांध्यातून पाणी शिरू नये म्हणून भिंतीत खाच घेऊन धातूच्या पत्र्याची पट्टी बसवावी. सांधा बुजवणाऱ्या नुसत्या सिलिकॉनवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. बांधकाम परवानगीचीही आधीच विचारणा करावी. माझ्या मते, पूर्वेकडे मोकळी जागा असणाऱ्यांनीच हा खर्च करावा; इतरांनी असलेल्या पडवीलाच सरकत्या खिडक्या बसवून घ्याव्यात.

आपला विश्वासू,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव