सही तुझी, डोंगल कुणाकडे?

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता निघालीस. पुरणपोळ्या डब्यात तशाच राहिल्या आणि तुझी आई माझ्याशी तेव्हापासून कामापुरतंच बोलते. जावईबापूंसमोर मी तो विषय काढायला नको होता. चूक माझी. ते मनाने वाईट आहेत असं मला म्हणायचं नव्हतं, आजही नाही. म्हणून या पत्रात डोंगलबद्दल, म्हणजे तुझ्या डिजिटल सहीच्या त्या पेनड्राइव्हसारख्या किल्लीबद्दल, अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

आधी तातडीचं. तू सरपंच झालीस त्या निकालाला आज १९ दिवस झाले. निवडणूक खर्चाचा हिशोब ३० दिवसांच्या आत तहसीलला गेला पाहिजे. पत्रकं, बॅनर, रिक्षा, चहापाणी, सगळ्यांच्या पावत्या तारखेप्रमाणे लाव. खर्च काहीच झाला नाही म्हणणाऱ्यालाही हिशोब द्यावाच लागतो, बिनविरोध आलेल्यालासुद्धा. जिंकल्याच्या गुलालात हेच राहून जातं आणि त्यावर पाच वर्षांसाठी अपात्र ठरवता येतं. कागद दिलास की पोच घे. पोचेवर शिक्का आणि तारीख दोन्ही बघ. आपल्या पॅनेलच्या चारही सदस्यांचं तूच विचार, ते आपणहून करणार नाहीत.

नऊपैकी पाच विरोधात आहेत आणि उपसरपंचही त्यांचा, म्हणून तुला अविश्वास ठरावाची धास्ती वाटते, असं आई म्हणाली. त्याने झोप घालवू नकोस. तू थेट जनतेतून आलीस. ती पद्धत २०१७ साली आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. थेट सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही आणि मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांतही नाही. मधल्या काळात सदस्यांनी तहसीलदारांकडे नोटीस द्यायची, तहसीलदारांनी सात दिवसांत सभा बोलवायची, तिथे तीन चतुर्थांश मतं पडायला हवीत. तेवढ्यावरही भागत नाही, पुढे ग्रामसभेत गुप्त मतदान होतं. साध्या बहुमताने तुला कुणी हलवू शकत नाही.

सरपंच पडतात ते दुसऱ्याच वाटेने. अपात्रतेच्या तक्रारीला दोन वर्षांचं बंधन नाही. उद्या सकाळी कुणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकू शकतो. पंचायतीच्या कामात थेट किंवा आडून हितसंबंध निघाला की गेलं. तुझ्या धाकट्या दिराचा जेसीबी आहे. तो पंचायतीच्या कामावर एक दिवससुद्धा उभा राहू देऊ नकोस, बिल दुसऱ्याच्या नावाने काढलं तरीही. आणि मामंजींचा गोठा गायरानात दोन खण पुढे आला आहे, तो आधी मागे घ्यायला लाव. अतिक्रमण घरातल्या माणसाचं असलं तरी सदस्याला भोवतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. विहीणबाईंना राग येईल. माझं नाव सांग.

ही झाली एक वाट. दुसरी ग्रामपंचायत कायद्यातल्या कलम ३९ ची. गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर अशी तक्रार झाली की जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी लावतात आणि विभागीय आयुक्त पदावरून काढतात. त्या चौकशीत पहिला प्रश्न एकच असतो, पैसे कुणाच्या सहीने गेले. म्हणजे मी परत तिथेच आलो. आता आलोच आहे तर नीट लिहितो.

वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणारा, पैसा आता चेकने जात नाही. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, बिल भरतो आणि स्वतःच्या डोंगलने सही करतो. दुसरी सही तुझ्या डोंगलची. ती झाली की रक्कम थेट ठेकेदाराच्या खात्यावर. मध्ये कुणी थांबवणारं नाही. तुझं डोंगल आज पंचायतीच्या संगणक ऑपरेटरच्या टेबलाच्या खणात आहे, वर पांढऱ्या चिकटपट्टीवर ‘सरपंच’ लिहिलेलं, आणि पिन त्याच चिकटपट्टीच्या मागे. जावईबापूंनीच हे कौतुकाने सांगितलं, सोय म्हणून. तुझी आजी अंगठा लावायची, पण अंगठा उठायला निदान तिला तिथे बसावं लागायचं. डोंगलला तूही लागत नाहीस.

काम कुठल्या क्रमाने जायला हवं ते पाठ कर. आधी ते विकास आराखड्यात हवं आणि आराखडा ग्रामसभेने मंजूर केलेला हवा. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. मग काम. काम झालं की अभियंता जागेवर येऊन मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो. नोंदीवरून बिल, बिलाला मासिक सभेची मंजुरी आणि सगळ्यात शेवटी तुझं डोंगल. घोळ होतो तो बहुतेक मार्चमध्ये. निधी पडून राहील या धास्तीने आधी पैसे सोडतात, मोजमाप नंतर लिहितात आणि ठराव त्याहून नंतर. त्या ठरावासाठी प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, आधीच जागा सोडलेली असते.

प्रोसिडिंग बुक उघडलंस की हेच बघ. दोन ठरावांच्या मध्ये चार ओळी कोऱ्या, किंवा शेवटच्या ठरावाखाली अर्धं पान मोकळं आणि तळाशी सह्या. तिथे सही करायची नाही. आधी कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारायची. प्रत्येक ठरावाला क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि रक्कम आकड्यात व अक्षरात. विरोधकाने विरोध नोंदवा म्हटलं तर नोंदवून घे, त्याच्या नावासकट. विरोध लिहिलेला बरा, तोंडी राहिला की तो तालुक्यात वेगळाच होऊन पोचतो. सही ठरावाच्या शेवटच्या ओळीला चिकटून कर.

मासिक सभा दर महिन्याला तूच बोलवायची. सबळ कारणाशिवाय चुकली तर त्यावरही पद जातं. नोटीस आधी पोचती कर आणि नोटीसवहीत सदस्यांच्या सह्या घे. ग्रामसभेला कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. तुमच्या गावात १०० धर. हजेरीवहीत सभा सुरू झाल्यावरच सह्या घे, दुसऱ्या दिवशी घरोघर वही फिरवू देऊ नकोस. पंधराव्या वित्त आयोगातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच जातात, उरलेल्या ४० मधून रस्ता मागणारे दहा जण येतील. त्यांना आराखडा दाखव. स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० महिला-बालकल्याणाला आणि ५ दिव्यांगांसाठी. हे खर्च झाले की नाही ते रोकडवहीत, म्हणजे नमुना ५ मध्ये, स्वतः शोध. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरच्या गोण्या बिलात किती आणि खोलीत किती ते मोजून घे. तिथून सुरुवात केलीस की सगळे सावध होतात.

फार झालं. पत्र लिहायला बसलो होतो, परिपत्रक झालं. माफ कर. तू ११४ मतांनी आलीस तेव्हा पारावरची माणसं मला ‘सरपंचांचे वडील’ म्हणाली. माझं नाव कुणी घेतलं नाही आणि त्याचा मला किती आनंद झाला ते आईला विचार. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि तिसरा हिस्सा बायकांचा झाला, २०११ मध्ये इथे निम्मा झाला. खुर्ची मिळाली, ताई. पण कितीतरी गावांत खुर्चीवर बाई आणि दप्तर नवऱ्याच्या गाडीच्या डिकीत. लेखापरीक्षणात वसुली निघाली की मात्र कागदावर सरपंच आणि ग्रामसेवक एवढीच दोन नावं असतात. डिकीवाल्याचं नाव कुठेच नसतं. जावईबापू तुला मदत करतात, सभेला सोडायला येतात, ते मला दिसतं. मदत घे. हिशोबाच्या चुका त्यांना चांगल्या सापडतात, कागद वाचायला त्यांना बरोबर बस म्हण. सही करायच्या वेळी मात्र ते उठून बाहेर चहाला गेलेले बरे. हे त्यांनाही दाखव, मी लपवून लिहिलेलं नाही.

आईने शेंगदाण्याची चटणी दिली आहे. पुढच्या रविवारी या दोघंही. मी पंचायतीचा विषय काढणार नाही.

तुझे,
अण्णा

ता. क. पिन बदलायला जुना पिन लागतो, तो त्या चिकटपट्टीच्या मागे आहे. ती पट्टी काढून घे, पिन तुझ्या हाताने बदल आणि नवीन पिन मलासुद्धा सांगू नकोस.