सीईटीचे सात दशांश: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीची एमएचटी-सीईटी अनेक सत्रांत, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांवर होते आणि तिचा पर्सेंटाइल दशांशचिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत देतात. एका सत्राला पंधरा हजार मुले बसली असे धरू. एक मूल मागेपुढे झाले की पर्सेंटाइल ०.००६७ ने हलतो. त्यापुढचे आकडे भागाकारातून येतात, अभ्यासातून नव्हे. गुणवत्ता क्रमांक मात्र त्यांच्यावरही ठरतो.

सूत्र साधे आहे: आपल्या सत्रात आपल्याइतके किंवा कमी गुण मिळवणारे किती, भागिले त्या सत्राचे एकूण परीक्षार्थी, गुणिले शंभर. प्रत्येक सत्रात सारख्याच कुवतीची मुले बसली, हे त्यात धरून चाललेले असते. तसे नसेल तर? हुशार मुलांच्या सत्रात बसलेल्याचा तोटा होतो, आणि तो निकालात कुठेही दिसत नाही. मुलांना एकमेकांशी जोखणाऱ्या या सूत्रात प्रश्नांची काठिण्यपातळी येतच नाही.

ती मोजायची रीत जुनी आहे. डेन्मार्कचे गणिती गेओर्ग राश यांनी १९६० मध्ये मांडलेल्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) विद्यार्थ्याची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच मापावर बसतात; त्या दोहोंतल्या फरकावरून उत्तर बरोबर येण्याची शक्यता ठरते. काही प्रश्न दोन सत्रांत समान ठेवले, की दोन्ही प्रश्नपत्रिका एका मापावर आणता येतात. अनेक देशांतल्या शाळकरी मुलांची ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी याच घराण्यातली प्रतिमाने वापरते.

अडचणी आहेत. सत्र संपताच मुले प्रश्न आठवून क्लासवाल्यांना सांगतात, त्यामुळे समान प्रश्न फुटायचा धोका मोठा. चार पर्याय आणि चुकीला गुणवजावट नाही, म्हणजे अंदाजाने ठोकलेली उत्तरेही असणारच. अंदाजाचा हिशेब धरणारे तीन घटकांचे प्रतिमान आहे, पण त्यात एकच प्रश्नपत्रिका सोडवून सारखेच गुण मिळवलेल्या, मात्र वेगवेगळे प्रश्न बरोबर आलेल्या दोघांची क्षमता वेगळी निघू शकते. ते पालकांना पटवणे कठीण. मला विचाराल तर राशच बरा.

लगेच पद्धत बदला असे म्हणत नाही. आधी प्रत्येक सत्राचा गुण-पर्सेंटाइल तक्ता आणि प्रत्येक प्रश्न किती टक्के मुलांनी बरोबर सोडवला हे प्रसिद्ध करा. नावे-क्रमांक काढून उत्तरांची विदा (डेटा) विद्यापीठांच्या संख्याशास्त्र विभागांना द्या. पुढल्या परीक्षेची माहितीपुस्तिका निघण्याआधी त्यांचा अहवाल सर्वांसमोर यावा, एवढी विनंती.

आपला,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक गणित शिक्षक