दशमांश म्हणजे मुदत ठेव नव्हे

माननीय संपादक,

माउंट मेरीच्या जत्रेत मेणाची घरं, विमानं, हातपाय विकायला असतात. घर हवं असेल तर मेणाचं घर वाहायचं. हा साधा भाबडा नवस झाला. 'देवाला द्या, तो श्रीमंत करील' असा समृद्धीचा उपदेश करणारे ख्रिस्ती प्रचारक मात्र त्याचा व्यवहारच करून टाकतात. त्यांचा लाडका आधार म्हणजे बायबलमधलं मलाखी ३:१० हे वचन: दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) आणा, आकाशकपाटे उघडतील. पण तो दशमांश प्रामुख्याने धान्य, द्राक्षारस आणि तेलाचा होता. मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाच्या वाट्याला जमीन नव्हती, म्हणून तो त्यांच्यासाठी असे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १४व्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षी परके, अनाथ आणि विधवाही त्यावर पोट भरून जेवत. आज तो रोखीत मागितला जातो आणि विधवेकडूनही घेतला जातो!

अनुवाद २८ मध्ये कोठारं भरण्याचं वचन आहे, हे खरं. पण तो इस्राएल राष्ट्राशी झालेला करार, कुणाच्या फ्लॅटची हमी नव्हे. 'दुःखात आहे म्हणजे पाप केलं असणार' हे गणित बायबलमधल्या ईयोब या संकटात सापडलेल्या नीतिमान माणसाच्या मित्रांनीही मांडलं होतं. ईयोब ४२:७ मध्ये देव त्यांच्यावरच संतापतो. 'मी सर्व काही करू शकतो' हे प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातलं वाक्य हल्ली यशाचा मंत्र म्हणून फिरतं. त्याच्या आधीच्याच वचनात (फिलिप्पै ४:१२) तो उपासमारीबद्दल बोलतो, तेही कैदेतून.

कॅथलिक चर्चमध्ये दहा टक्क्यांची सक्ती नाही. इतरत्र कुणी मागितलेच, तर संस्था नोंदणीकृत न्यास आहे का ते पाहून लेखापरीक्षित हिशेब मागावा.

– एक वाचक, वांद्रे