लॅपटॉप पुसण्याआधी विचारणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नाव लिहू नका म्हणालास, म्हणून नुसतं चिरंजीव. पत्र मात्र उघड लिहितेय. तू जे केलंस ते चार जणांना कळायला हवं.

विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार, अशी सूचना पडद्यावर सारखी यायला लागली तेव्हा मी आधी दुसऱ्याच एका दुकानात गेले होते. तिथल्या माणसानं उभ्या उभ्या पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, याच्यावर विंडोज अकरा बसत नाही. भंगारात द्या." मग नव्या लॅपटॉपचे भाव सांगायला लागला. आत काय आहे, हे त्यानं विचारलंच नाही. आत होत्या 2008 पासूनच्या पहिली-दुसरीच्या स्वाध्यायपत्रिका. रात्री जेवणं झाल्यावर बसून एकेक तयार केलेल्या.

तुझ्याकडे आले तेव्हा तू पहिलं वाक्य काय बोललास, आठवतंय? "बाई, यातलं काय काय हवंय ते आधी वहीत लिहा. तोवर मी हात लावत नाही." मी दोन दिवस यादी केली. तू दोन दिवस थांबलास.

मग तू मला नीट समजावून सांगितलंस, तेही घाई न करता. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. माझा सहाव्या पिढीचा. म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही, विंडोज 11 च्या अटींत बसत नाही इतकंच. विंडोज 10 लाच आणखी एक वर्ष, ऑक्टोबर 2026 पर्यंत, सुरक्षा अपडेट घेता येतात हेही तूच सांगितलंस. त्यानंतर विंडोजऐवजी लॅपटॉप चालवणाऱ्या लिनक्स मिंट या प्रणालीचा पर्याय पुढे ठेवलास. पेनड्राइव्ह लावून तिथेच मिंट चालू करून दाखवलंस आणि म्हणालास, "अजून तुमच्या डिस्कवरचं काहीही पुसलेलं नाही, बाई. आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढायचा आणि घरी जायचं." निर्णय माझ्यावर सोडलास, याचं मला फार अप्रूप वाटलं.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही जास्त वेगवान डिस्क आली, रॅम 4 ची 8 जीबी झाली आणि मिंट 22 बसलं. याला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. लॅपटॉप आता चटकन सुरू होतो, पंख्याची घरघर थांबली आहे. हे सगळं छानच. पण मला खरं सांगायचंय ते मराठीबद्दल.

माझ्या जुन्या फायली उघडल्या तेव्हा पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली. माझ्या पोटात गोळा आला. तू म्हणालास, घाबरू नका. जुन्या फॉन्टमध्ये क, ख ही इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली नुसती चित्रं असतात. फॉन्ट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. तू त्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीत, आणून दिल्यास. ऱ्हस्व वेलांटी तेवढी घोटाळा करत होती, कारण जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफारही कुठे कुठे शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले होते. तू दाखवायचास, मी शुद्धलेखन तपासायचे. तीन संध्याकाळी आपण हेच करत होतो, आणि तू एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीस.

इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा कळफलकही तूच शिकवलास. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. 'दुसऱ्या सत्राचा निकाल' लिहिताना मी नेहमी अडायचे. आता शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की ऱ, मग D दाबून पाय मोडायचा, मग य. बोटांना आता सवय झाली आहे.

आणि ल! पहिलीच्या मुलांना आपण पाकळ्यांचा ल आणि देठाचा श शिकवतो. संगणकावर मात्र हिंदी वळणाचे उमटायचे आणि मुलं विचारायची, "बाई, हा कुठला ल?" मी छापल्यावर पेनानं दुरुस्त करत असे, तीस-तीस कागदांवर. तू लिबरऑफिस या लिखाणाच्या प्रोग्राममध्ये सगळा मजकूर निवडलास, नोटो फॉन्ट लावलास, भाषेच्या जागी हिंदी होतं तिथे मराठी केलंस, आणि माझ्या डोळ्यांदेखत पानावरचे सगळे ल आणि श बदलले. मला भरून आलं होतं. तेव्हा काही बोलता आलं नाही, म्हणून आज लिहितेय.

स्कॅनर अजून नीट चालत नाही. सध्या मोबाइलवर फोटो काढून भागवते, त्याची घाई नाही.

जुनी हार्ड डिस्क तू कागदात गुंडाळून, वर तारीख घालून माझ्या हातात दिली होतीस. "काही सापडलं नाही तर हीच उघडायची" म्हणून. वहीतल्या यादीत एकाच ओळीसमोर बरोबरची खूण करायची राहिली होती, 2008 च्या स्नेहसंमेलनाचे फोटो. काल तेही सापडले, भलत्याच नावाच्या फोल्डरमध्ये. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा, मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव तूच आहेस. टोपी कपाळावरून घसरली आहे आणि तू ती एका हातानं धरून ठेवली आहेस. फोटो सोबत पाठवतेय, आईला दाखव.

तुझी,
बाई